‘मुलाला चालवते’ : मेंदूच्या पक्षाघातावरील व्यायामोपचारांच्या इतिहासातील कर्त्याचा प्रश्न

मराठी व्याकरणात प्रयोजक व शक्य अशी दोन प्रकारची साधित क्रियापदे मानली जातात. ‘आई मुलाला चालवते’ या वाक्यातील क्रियापद प्रयोजक होय. चालणारे मूल असले तरी वाक्याची कर्त्री आई आहे. ‘आजाऱ्याला आता थोडे चालवते’ या वाक्यातील क्रियापद शक्य होय. तेथे चालविणारा दुसरा कोणी नसून चालण्याचे सामर्थ्य त्या आजाऱ्याचेच आहे. जुन्या लेखनात ‘चालविते’ आणि ‘चालवते’ असा भेद पुष्कळ जण कटाक्षाने राखीत. बोलण्यात तो आता उरलेला नाही. त्यामुळे ‘मुलाला चालवते’ एवढेच शब्द कानी पडले, तर कोणी बाई मुलाला धरून चालवीत आहे की मुलाला स्वतःला चालता येऊ लागले आहे, हे संदर्भावाचून कळत नाही.

ही संदिग्धता केवळ व्याकरणाच्या पाठापुरती नाही. मेंदूच्या पक्षाघाताने ग्रासलेल्या मुलांवर सुमारे पावणेदोनशे वर्षे जे व्यायामोपचार होत आले, त्यांचा इतिहास या दोन अर्थांमध्ये हेलकावे खात आला आहे असे मला वाटते. या विषयाचा इतिहास बहुधा शस्त्रक्रिया, पट्ट्या, खुर्च्या, चेंडू अशा साधनांच्या क्रमाने सांगितला जातो. प्रस्तुत निबंधात तीच साधने घेऊन प्रत्येकीच्या बाबतीत क्रियेचा कर्ता कोण मानला होता, एवढेच पाहावयाचे आहे. हा प्रश्न वैद्यकाच्या अभ्यासकांना कदाचित गौण वाटेल. पण ज्या मुलाचे बालपण रोज काही तास दुसऱ्याच्या हातांत जाते, त्याच्या दृष्टीने तो गौण नाही.

प्रथम विकाराविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. गर्भावस्थेत, जन्मसमयी किंवा जन्मानंतरच्या आरंभीच्या काळात वाढत्या मेंदूला इजा पोहोचते आणि तिच्यामुळे हालचाल व अंगस्थिती यांवरील नियंत्रणात कायमचा दोष राहतो. या अवस्थेस सेरेब्रल पाल्सी अथवा मेंदूचा पक्षाघात असे नाव आहे. मेंदूतील इजा वाढत जात नाही. परंतु तिचे शरीरावरील परिणाम बदलत जातात, आणि उपचारांची सारी अडचण येथेच आहे. बहुसंख्य रुग्णांत स्नायू ताठर असतात. मूल वाढते तशी हाडे लांब होतात, पण ताठर स्नायू त्या प्रमाणात लांबत नाही. पोटरीचा स्नायू टाच वर ओढतो, मूल चवड्यांवर उभे राहते, मांड्या एकमेकींकडे ओढल्या जाऊन पावलांची कात्री होते. काहींच्या बाबतीत ताठरपणाऐवजी अनावर हालचाली किंवा तोल न राहणे हे मुख्य लक्षण असते. म्हणजे दोष मेंदूत, आणि डोळ्यांना दिसते ते पायात. उपचार कोठे करावयाचा, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक पिढीने निराळे दिले.

पहिले उत्तर पायाचे होते. विल्यम जॉन लिटल (१८१०–१८९४) या लंडनच्या वैद्यास बालपणीच्या आजारामुळे डाव्या पावलाचे व्यंग आले होते. हानोव्हर येथील श्ट्रोमायर हा शस्त्रवैद्य कातडीला लहानसे छिद्र पाडून त्यातून अरुंद पाते आत घालीत असे व टाचेची शीर उघडी न करताच कापीत असे. जखम उघडी राहत नसल्याने ती चिघळण्याचे भय कमी होई. जंतुनाशनाचे तंत्र अवतरण्यापूर्वीच्या त्या काळात ही गोष्ट फार मोठी होती. १८३६ साली लिटलने स्वतःच्या पायावर ही शस्त्रक्रिया करवून घेतली, १८३७ मध्ये लंडनमध्ये तो स्वतः ती करू लागला आणि १८३८ मध्ये अशा रुग्णांसाठी त्याने एक चिकित्सालय उभारले. २ ऑक्टोबर १८६१ रोजी लंडनच्या प्रसूतिविषयक संस्थेपुढे त्याने वाचलेल्या निबंधात कष्टप्रद प्रसूती, अकाली जन्म व जन्मतः श्वास कोंडणे यांचा मुलांच्या ताठरपणाशी संबंध जोडला होता. एका अंगाचा ताठरपणा, मुख्यतः दोन्ही पायांचा, आणि सर्वांगाचा, हे त्याने केलेले गट थोड्या फरकाने आजही ओळखता येतात. पुढे कित्येक वर्षे हा विकार ‘लिटलचा रोग’ या नावानेच ओळखला गेला.

लिटल स्वतः रुग्ण होता, हे विसरता येत नाही. तथापि त्याच्या काळच्या उपचारांत मुलाने करावयाचे फारसे काही नव्हते. शीर कापावयाची, पाऊल फळीवर बांधावयाचे, पट्टे हळूहळू आवळावयाचे. या सर्व क्रियापदांना मूल हे कर्म आहे.

यानंतरची तीस-पस्तीस वर्षे वर्गीकरणाची. विल्यम ऑस्लर याच्या १८८९ च्या ग्रंथाने विकाराचे आजचे इंग्रजी नाव रूढ करण्यास मोठा हातभार लावला. सिग्मंड फ्रॉइड याने, मनोविश्लेषणाकडे पूर्णपणे वळण्यापूर्वी, या विषयावर विपुल लेखन केले. त्याचा मोठा ग्रंथ १८९७ चा. कष्टप्रद प्रसूती हे विकाराचे कारण नसून गर्भातच आरंभलेल्या बिघाडाचे लक्षणही असू शकेल, ही त्याची शंका त्या काळी कोणी फारशी मनावर घेतली नाही. १९८६ मध्ये नेल्सन व एलेनबर्ग यांनी अमेरिकेतील फार मोठ्या संख्येच्या जन्मनोंदींवरून जो निष्कर्ष काढला, तो फ्रॉइडच्या बाजूला झुकणारा होता. मात्र उपचारांच्या दृष्टीने या दोघांकडून विशेष काही मिळाले नाही.

उपचारांची परिभाषा आली ती स्वीडनमधून. पेर हेन्रिक लिंग याने १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे स्थापिलेल्या व्यायामसंस्थेत वैद्यकीय व्यायामाची एक पद्धती सिद्ध झाली. तीत हालचालींचे प्रकार केले होते : रुग्ण स्वतः करतो त्या, उपचारक रुग्णाच्या अवयवाला करवितो त्या, आणि एकाने करावयाच्या व दुसऱ्याने तिला विरोध करावयाचा अशा. पहिल्या दोन प्रकारांना इंग्रजीत जी विशेषणे लावतात, तीच त्या भाषेच्या व्याकरणात कर्तरी व कर्मणी प्रयोगांना लावली जातात. हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. क्रिया कोणाची, हाच दोन्ही शास्त्रांचा प्रश्न आहे. याच परंपरेतील गुस्ताव सांडर याने पुढे उपचारकाचे हातही काढून घेतले आणि चाके, तरफा व वजने यांच्या यंत्रांवर रुग्णांना बसविले. लंडनमध्ये १८९४ साली मर्दन-चिकित्सा करणाऱ्या परिचारिकांची संस्था निघाली. आजच्या फिजिओथेरपी व्यवसायाचा इंग्लंडमधील उगम तोच.

मेंदूच्या पक्षाघाताला स्वतंत्र उपचारशास्त्र मिळाले ते अमेरिकेत, विन्थ्रॉप फेल्प्स (१८९४–१९७१) यांच्या हातून. त्यांनी १९३७ मध्ये बाल्टिमोरजवळ मुलांसाठी संस्था काढली. त्यांच्या पद्धतीत पंधरा प्रकार होते : मर्दन, करविलेली हालचाल, मदतीने केलेली, स्वतः केलेली, विरोधाला न जुमानता केलेली, विश्रांती, शिथिलीकरण, तोल, हात पुढे करून पकडणे इत्यादी. त्यांचे नाव विशेषेकरून जोडले जाते ते पोलाद व चामडे यांच्या आधारपट्ट्यांशी. कंबरेपासून पावलापर्यंत जाणाऱ्या या पट्ट्यांना प्रत्येक सांध्यापाशी बिजागरी व कळ असे. आधी सर्व सांधे जखडावयाचे आणि नियंत्रण येईल तसा एकेक मोकळा करावयाचा, हे त्यामागील तत्त्व. तत्त्व तर्कशुद्ध आहे. परंतु स्नायू एकेकटे निवडून शिकविता येतात हे त्यातील गृहीत खरे नव्हते, आणि ते लोखंड अंगावर वागविणाऱ्या मुलांना त्याचे ओझे किती झाले असेल, ते आज संग्रहालयातील पट्टी हातात धरली तरी कळते. पुढे हलके प्लॅस्टिक आले. घोट्याचा कोन राखणारी, बुटात मावणारी आजची पट्टी हे त्या लोखंडाचे उरलेले, आणि उपयुक्त ठरलेले, रूप होय.

१९४७ मध्ये अमेरिकेत या विषयाची जी तज्ज्ञसंस्था निघाली, तिच्या सहा संस्थापकांत फेल्प्स यांच्या बरोबरीने अर्ल कार्लसन हे होते. कार्लसन स्वतः या विकाराचे रुग्ण. वैद्यकाची पदवी त्यांनी येल विद्यापीठातून घेतली होती. १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मचरित्रात आणि उपचारांत पट्ट्यांपेक्षा मनाच्या एकाग्रतेला, भीती घालविण्याला आणि शिक्षणाला अधिक स्थान आहे. लिटलप्रमाणेच येथेही रुग्णच वैद्य झाला. पण कार्लसन यांच्या बाबतीत रुग्ण म्हणून आलेला अनुभव उपचारांच्या विचारातही उतरला.

दुसऱ्या महायुद्धानंतर लक्ष स्नायूवरून मज्जासंस्थेकडे वळले. बेर्टा व कारेल बोबाथ हे दांपत्य जर्मनीतील ज्यूंच्या छळातून निसटून लंडनला आले होते. बेर्टा मूळच्या व्यायामशिक्षिका. १९४३ मध्ये अर्धांगवायू झालेल्या एका चित्रकाराला उपचार करताना त्यांच्या ध्यानात आले की ताठरपणा ही अढळ वस्तू नाही. शरीराची स्थिती बदलली की तो कमीजास्त होतो. कारेल वैद्य होते, त्यांनी या निरीक्षणाला मज्जाशास्त्राचा आधार शोधला. १९५१ मध्ये त्यांचे केंद्र निघाले आणि त्यांची पद्धती जगभर पसरली. मोठा चेंडू, लोड, उतरती गादी ही आज कोणत्याही बालोपचार केंद्रात दिसणारी साधने या पद्धतीमुळे रूढ झाली. मुलाला चेंडूवर पालथे घालून, खांदे व कंबर या ठिकाणी धरून, ताठर ठेवण मोडावयाची आणि डोके सावरण्याच्या, तोल राखण्याच्या स्वाभाविक प्रतिक्रिया जाग्या करावयाच्या, असा हा क्रम असे.

बोबाथ दांपत्याविषयी मला विशेष आदर वाटतो तो त्यांनी स्वतःची मते बदलली म्हणून. आरंभी ते मुलाला ताठरपणा शमविणाऱ्या ठरावीक स्थितींत धरून ठेवीत. त्या स्थितीत मूल सैल पडते, पण सोडताच सारे पूर्ववत होते आणि खोलीत मिळविलेले घरी उतरत नाही, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले. उपचारकाचे हात हळूहळू दूर व्हावेत आणि क्रिया मुलाची व्हावी, हा आग्रह त्यांच्या उत्तरकालीन लेखनात स्पष्ट आहे. त्यांच्याच परंपरेतील नॅन्सी फिनी यांचे १९६८ चे पुस्तक आईवडिलांसाठी आहे. मुलाला उचलावे कसे, कडेवर घ्यावे कसे, अंघोळ घालताना पाय कसे दुमडावेत, हे त्यात चित्रांसह सांगितले आहे. पुस्तकाच्या नावातच ‘हाताळणे’ या अर्थाचा शब्द आहे. आईला त्याचा उपयोग निर्विवाद. पण आपण मराठीत ‘हाताळतो’ ती बहुधा वस्तू असते, हे येथे सहज आठवते.

प्रयोजकाचे टोक मात्र इतरांनी गाठले. व्हाक्लाव व्होइटा या झेक वैद्याच्या पद्धतीत अर्भकाला विशिष्ट स्थितीत ठेवून अंगावरील ठरावीक जागी दाब देतात. त्यातून सरपटण्याचे व कुशीवर वळण्याचे प्रतिक्षिप्त आकृतिबंध उमटतात. मुलाच्या इच्छेची तेथे गरज नसते. फिलाडेल्फियात टेम्पल फे यांच्या कल्पनांवरून डोमन व डेलाकाटो यांनी सिद्ध केलेल्या पद्धतीत तर पाच माणसे लागत. एकाने डोके आणि चौघांनी हातपाय धरून मुलाकडून सरपटण्याची हालचाल रोज अनेकदा करवावयाची, म्हणजे मेंदूची घडण सुधारेल, अशी श्रद्धा होती. घरोघरी शेजारीपाजारी या कामाला जुंपले गेले. १९६८ मध्ये अमेरिकेतील अनेक वैद्यकीय व पुनर्वसन संस्थांनी, आणि १९८२ मध्ये तेथील बालवैद्यांच्या अकादमीने, या पद्धतीच्या दाव्यांना आधार नसल्याचे जाहीर केले. उपचार थांबविले तर आपणच मुलाचे वाईट केले, ही टोचणी ज्या आईबापांच्या वाट्याला आली, तिची नोंद कोणत्याही निवेदनात नाही.

नेमके उलट टोक बुडापेस्टमध्ये दिसते. भाषेच्या अभ्यासकाने या इतिहासात लक्ष घालावे याचे कारणही तेच आहे. आंद्राश पेतो (१८९३–१९६७) या हंगेरियन वैद्यांनी १९४५ मध्ये थोड्या मुलांना घेऊन काम सुरू केले. १९५० मध्ये त्याची राष्ट्रीय संस्था झाली. त्यांचे म्हणणे असे की ही मुले रोगी नव्हेत, शिकण्यात अडथळा आलेली मुले आहेत. म्हणून त्यांना उपचारक नको, शिक्षक हवा. फिजिओथेरपी, वाचाशिक्षण, अक्षरओळख, जेवणेखाणे यांसाठी निरनिराळी माणसे नेमण्याऐवजी सर्व दिवस मुलांच्या गटाबरोबर राहणारी एकच शिक्षिका त्यांनी योजिली. तिला ते ‘कंडक्टर’ म्हणत. या शब्दाला ‘संवाहक’ असा मराठी प्रतिशब्द कोणी सुचवील. पण संस्कृतात संवाहन म्हणजे अंग चेपणे, आणि ‘मृच्छकटिका’तील संवाहक हा अंगमर्दन करणाराच आहे. ज्या मर्दनातून पेतो यांना मुलांची सुटका करावयाची होती, त्यातच शब्दाने त्यांना पुन्हा ढकलू नये, म्हणून मूळ शब्दच बरा.

त्यांची साधने साधी होती. लाकडी पट्ट्यांमध्ये फटी ठेवून केलेला बाक दिवसा टेबल होई, रात्री बिछाना होई, आणि मुलाला बोटे अडकवून स्वतःला ओढून घेण्यासाठी पट्टी कोठेही हाताशी असे. खुर्चीची पाठ शिडीसारखी आडव्या दांड्यांची. ती पुढे ढकलीत मूल चालू शके, तिच्या दांड्या एकेक करून धरीत उठू शके. या वस्तू मुलाला धरून ठेवीत नाहीत, मूल त्यांना धरते. फेल्प्स यांच्या पट्टीशी तुलना केली म्हणजे हा फरक चटकन नजरेत भरतो.

पण मुख्य साधन लाकडाचे नव्हते, भाषेचे होते. शिक्षिका कृतीचे नाव उत्तमपुरुषी वाक्यात उच्चारी, सारी मुले ते वाक्य म्हणत, आणि मग एक ते पाच अंक तालात मोजत असता ती कृती करीत. हंगेरियनमध्ये ‘मी माझा हात वर उचलतो’ हे वाक्य ‘फेलएमेलेम अ केझेम’ असे होते. त्यात ‘मी’ हे सर्वनाम वेगळे नाही. ‘एम’ हा उत्तमपुरुषाचा प्रत्यय क्रियापदालाही लागला आहे आणि हात या नामालाही. उचलणारा मी आणि हात माझा, या दोन्ही गोष्टी त्याच ध्वनीने दोनदा कानावर येतात. मराठीत हे वाक्य रचताना वेगळी अडचण येते. ‘मी हात वर करतो’ म्हटले तर मुलींना ‘करते’ म्हणावे लागते आणि एका सुरात म्हणणे मोडते. ‘मी हात वर करीन’ हे भविष्यरूप मात्र लिंगभेद करीत नाही, शिवाय ते नुसता काळ न सांगता निश्चयही सांगते. मराठी मुलांसाठी ही पद्धती कोणी योजावयाची झाल्यास क्रियापदाचे रूप निवडणे हा उपचाराचाच भाग ठरेल.

बोलण्याने हालचाल का सुधारावी? या पद्धतीच्या विवेचनात पुढे सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लुरिया यांच्या प्रयोगांचा आधार घेण्यात आला. लहान मुलाला रबरी फुगा दोनदा दाबावयास सांगितले असता तीन वर्षांच्या सुमाराच्या मुलाला ते नीट जमत नाही. प्रत्येक दाबाबरोबर त्यानेच एकेक तुटक शब्द उच्चारला, तर जमते. पण त्याच मुलाला ‘मी दोनदा दाबीन’ असे वाक्य म्हणावयास लावले, तर ते एकच लांब दाब देते. शब्दाचा आघात आधी काम करतो, अर्थ मागून येतो. पेतो यांच्या पद्धतीत वाक्य आणि मोजणी ही दोन्ही एकत्र आहेत, हे या दृष्टीने लक्षणीय आहे. मी करीन हे वाक्य कर्त्याचे. एक, दोन, तीन हा ताल स्नायूंचा.

येथे एक गंभीर आक्षेप येतो. या विकाराच्या पुष्कळ मुलांना स्पष्ट बोलताच येत नाही, कारण ओठ, जीभ, श्वास यांचेही नियमन बिघडलेले असते. त्यांचे वाक्य कोणी म्हणावे? गट म्हणतो व मूल मनात म्हणते, हे बुडापेस्टचे उत्तर. टोरांटोत १९७१ च्या सुमारास शर्ली मॅकनॉटन यांनी चार्ल्स ब्लिस यांच्या चिन्हलिपीचे फलक अशा मुलांपुढे ठेवले, आणि बोट किंवा नजर चिन्हावर रोखून मुले वाक्ये रचू लागली. मला हे दुसरे उत्तर अधिक भक्कम वाटते. मनात म्हटलेल्या वाक्याची साक्ष काढता येत नाही.

पेतो यांच्या संस्थेची कीर्ती पश्चिमेत पसरल्यावर तिच्याभोवती चमत्काराचे वलय निर्माण झाले. १९८६ च्या एका बीबीसी चित्रपटानंतर शेकडो इंग्रज कुटुंबे बुडापेस्टकडे धावली. संस्था मुले निवडून घेत असे आणि आपल्या पायांवर चालणे हेच यशाचे माप मानीत असे, याकडे तेव्हा दुर्लक्ष झाले. बर्मिंगहॅम येथील प्रयोगाच्या १९९३ च्या मूल्यमापनात, तेथील मुलांची प्रगती नेहमीच्या खास शाळांतील मुलांहून सरस आढळली नाही. हा निर्णय मान्य केलाच पाहिजे. तथापि त्याने पद्धतीचे श्रेष्ठत्व नाकारले. मुलाला कर्ता मानण्याचा विचार त्यामुळे खोटा ठरला असे मला वाटत नाही.

मुंबईत या उपचारांना पाया मिळाला तो पोलिओमुळे. केईएम रुग्णालयात १९५३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने फिजिओथेरपीची शाळा निघाली, ती भारतातील पहिली होय. हाजी अली येथील पुनर्वसन संस्था १९५५ ची. पण पोलिओ झालेल्या मुलाचा मेंदू अबाधित असतो व ते शाळेत बसू शकते. पक्षाघाताच्या मुलाला शाळा दार उघडीत नसे. मिथू अलूर यांनी आपल्या मुलीच्या अनुभवातून १९७२ मध्ये स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापिली, आणि १९७३ मध्ये मुंबईत निघालेल्या तिच्या शाळेत शिक्षण व उपचार एका छपराखाली आले. त्यांची कन्या मालिनी चिब यांचे एका बोटाने टंकलिखित केलेले आत्मकथन २०१० मध्ये प्रसिद्ध झाले.

गेल्या तीन-चार दशकांत उपचारांना कसोटी लावण्याचे साधन हाती आले. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या अभ्यासकांनी १९८९ मध्ये हालचालींचे माप आणि १९९७ मध्ये पाच पातळ्यांची श्रेणी सिद्ध केली. आयोना नोव्हाक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला. त्यात मुलाला हवे असलेले प्रत्यक्ष काम साध्य धरून केलेला सराव, बलवान हात बांधून दुबळ्या हाताला कामाला लावणे, आणि घरच्या घरी करावयाचा आखीव कार्यक्रम यांना भक्कम आधार आढळला. उपचारकाच्या हातांनी करवून घ्यावयाच्या पारंपरिक पद्धतींना तसा आढळला नाही.

त्या पाच पातळ्यांची २००७ च्या सुधारित आवृत्तीतील शीर्षके भाषेच्या दृष्टीने वाचण्याजोगी आहेत. पहिल्या तीन पातळ्यांत मूल ‘चालते’ : मर्यादांविना, मर्यादांसह, हाती धरावयाच्या साधनाने. चौथीत ‘चालते’ जाते, तरी स्वतः हिंडणे उरते. पाचवीत क्रियापद कर्मणी होते. मूल चाकांच्या खुर्चीतून ‘नेले जाते’. परंतु त्याच पातळीच्या तपशिलात अशीही नोंद आहे की पुष्कळ फेरफार केलेल्या विजेच्या खुर्चीवर काही मुले स्वतः हिंडू शकतात. कळ हनुवटीशी बसविली असेल, डोक्याच्या टेकूत असेल, किंवा एका बोटापाशी असेल. अशा मुलीविषयी मराठीत आपण ‘ती खुर्ची चालवते’ असे म्हणतो. क्रियापद पुन्हा प्रयोजकच आहे. कर्त्री मात्र ती मुलगी आहे.